तिथे फोड आला तर आधी गेला आठवडा आठवा

राहुरीत माझं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी सातनंतर गर्दी असते. शेतातून परतलेले लोक, ट्रॅक्टरवाले, कृषी विद्यापीठातली पोरं, नगरहून शेवटच्या गाड्यांनी आलेले नोकरदार. या गर्दीत महिन्यातून चार-दोन वेळा एखादा माणूस बाजूला उभा दिसतो. त्याचा नंबर येतो, पण तो मागच्याला पुढं करतो. बायामाणसं निघून गेली की काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "एखादी चांगली ट्यूब द्या." कुठं लावायची आहे विचारलं की म्हणतो, "जांघेत." बहुतेक वेळा ती जांघ नसते. लघवीच्या जागेवर फोड आलेला असतो. तो येऊन चार दिवस झालेले असतात आणि त्या चार दिवसांत त्याच्यावर हळद, चुना, डेटॉल, टूथपेस्ट यांपैकी काहीतरी लावून झालेलं असतं.

हा लेख त्या माणसासाठी आहे. त्याला दुकानात उभं राहून जे सांगता येत नाही, ते इथं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट ही की शिश्नावर फोड आला म्हणजे 'तसला' रोग झाला असं नाही. आणि मी बाहेर कुठं गेलोच नाही म्हणून काही नसेल, असंही नाही. या दोन्ही समजुतींनी माणसाचं नुकसान होतं. एकीत तो घाबरून लपतो, दुसरीत निर्धास्त बसतो. फोडाकडे टॉर्च लावून कितीही बघितलं तरी त्याचं कारण कळेलच असं नाही. ते बहुधा गेल्या आठवड्यात सापडतं. काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, हाताला काय लागलं होतं, कुठं घासलं, कोणाशी संबंध आला. डॉक्टरलासुद्धा फोड बघण्याइतकीच ही हकीकत ऐकायची असते. नेमकी तीच माणूस लपवतो.

हे मी एका गिऱ्हाइकाकडून शिकलो. बारागाव नांदूरकडचा शेतकरी, चाळिशीचा. शिश्नाच्या टोकावर एक गोल फोड आला म्हणून आला होता. मी त्याला तीन औषधं एकत्र असलेली, स्टिरॉइडवाली ट्यूब दिली. चिठ्ठी मागितली नाही. फोड बरा झाला, काळसर डाग राहिला. सहा महिन्यांनी फोड पुन्हा त्याच जागी आला. मी पुन्हा तीच ट्यूब दिली. तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा त्याची बायको माहेरी निघून गेली होती. तिला वाटलं, नवरा कुठंतरी जाऊन आला. हा शपथा घेत होता आणि घरात कोणी ऐकत नव्हतं. मग मी त्याला नगरला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी डाग बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "फोड यायच्या आदल्या दिवशी कोणती गोळी खाल्ली होती?"

गोळी जुलाबाची होती. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली. तिन्ही वेळा पोट बिघडलं होतं, तिन्ही वेळा गोळी खाल्ली होती आणि तिन्ही वेळा ती मीच दिली होती.

या प्रकाराला डॉक्टर 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात. 1894 मध्ये ब्रोक नावाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं हे नाव दिलं. साध्या भाषेत सांगायचं तर औषधाची ॲलर्जी शरीरानं एका ठरावीक जागी धरून ठेवलेली असते. ते औषध पुन्हा पोटात गेलं की अर्ध्या तासापासून दोन दिवसांपर्यंत कधीही, त्याच जागी, आधी आग होते, मग लालसर-जांभळा गोल चट्टा उठतो आणि कधी त्यावर पाण्याचा फोड धरतो. बरा झाल्यावर करडा-काळा डाग राहतो आणि तो महिनोन्महिने जात नाही. ओठ, हात आणि शिश्नाचं टोक या त्याच्या आवडत्या जागा. त्रास देणारी औषधं आपल्या घरोघरच्या डब्यात असतात. जुलाबाच्या गोळ्या, लघवीच्या जळजळीला देतात त्या नॉरफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या, को-ट्रायमॉक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, अंगदुखीवरच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड. क्वचित पॅरासिटामॉलसुद्धा. इलाज एकच, ते औषध ओळखायचं आणि पुन्हा कधी घ्यायचं नाही. घेत राहिलात तर चट्टे वाढत जातात, अंगावर इतरत्रही उठतात.

त्या शेतकऱ्याला डॉक्टरांनी गोळीचं नाव कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन तो सासुरवाडीला गेला. मी मात्र त्या दिवसापासून कोणालाही अशा जागेसाठी चिठ्ठीशिवाय ट्यूब दिलेली नाही. पुढं 2018 मध्ये केंद्र सरकारनंही बऱ्याच स्टिरॉइड मलमांवर चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी घातली. दुकानदार देत असेल तरी तुम्ही घेऊ नका. स्टिरॉइडनं त्या नाजूक जागेची कातडी पातळ होते, नायटा असेल तर दबून पसरतो आणि हर्पिससारखा विषाणू असेल तर तो बळावतो.

आता आपल्याकडच्या कारणांकडे वळू. राहुरी म्हणजे मुळा धरणाचं पाणी, ऊस, कांदा, फवारणी. शेतात माणूस लघवीला जातो तो हात धुऊन जात नाही, आल्यावर धुतो. हे उलटं करायला हवं. फवारणीच्या औषधाचे, तणनाशकाचे हात तसेच लागले तर त्या पातळ कातडीची आग होते, फोडही येतात. पाठीवरचा पंप गळून चड्डी भिजली आणि दिवसभर तीच अंगावर राहिली तरी तेच. अशा वेळी कपडे ताबडतोब काढायचे आणि भरपूर साध्या पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवायचं. मग औषधाची बाटली किंवा तिच्यावरचं लेबल बरोबर घेऊन दवाखान्यात जायचं.

बिब्ब्याचंही तसंच. गावठी उपाय म्हणून बिब्बा हाताळला जातो. त्याचं तेल बोटाला लागतं आणि बोट कुठं कुठं लागतं याचा हिशेब राहत नाही. एक-दोन दिवसांनी तिथं फोड उठतात. आणि कृपा करून बिब्बा हा फोडावरचा उपाय म्हणून लावू नका, तो स्वतःच फोड आणतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक लाल-काळा, मुंगीएवढा लांबट किडाही असतो. तो चावत नाही. अंगावर चिरडला गेला की त्याच्यातला रस जिथं लागतो तिथं जळल्यासारखी रेघ आणि फोड उठतात. मांडीवर चिरडला तर समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना सारखीच खूण उमटते. असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, हातानं चिरडू नका.

घासून येणारा फोड सगळ्यांत साधा. कोरड्या अवस्थेत झालेला संबंध, हस्तमैथुन, घट्ट जीन्स, घामानं भिजलेली नायलॉनची चड्डी, लांबचा सायकल किंवा मोटारसायकलचा प्रवास. हा फोड घासलेल्या जागीच येतो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतो. त्याला न छेडता जपलं तर तो आठवड्याभरात जातो.

जपायचं म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण चुका इथंच होतात. फोड फोडायचा नाही. वरची कातडी हे त्याचं झाकण आहे, आतल्या कच्च्या भागाला त्याच्याइतकं चांगलं बँडेज दुसरं नाही. आपोआप फुटला तर लोंबणारी कातडी ओढून काढायची नाही. दिवसातून दोनदा साध्या स्वच्छ पाण्यानं धुवायचं, साबण नको, डेटॉल तर मुळीच नको. पाण्यात न मिसळता लावलेल्या डेटॉलनं भाजलेली माणसं मी बघितली आहेत. मूळ फोड तांदळाएवढा होता, भाजलेली जागा रुपयाएवढी झाली. पुढची कातडी मागं सरकत असेल तर हळूच सरकवून धुवायची आणि आठवणीनं परत पुढं आणायची. मऊ सुती कापडानं टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. सैल सुती चड्डी किंवा घरात नुसतं धोतर-लुंगी. घासून आलेल्या फोडावर साधी पेट्रोलियम जेली चालते. लघवी लागून आग होत असेल तर लघवी करताना वरून तांब्यानं पाणी सोडावं, किंवा कोमट पाण्याच्या टबात बसून करावी. पाणी भरपूर प्यावं. आग होते म्हणून लोक पाणी कमी करतात, मग लघवी दाट होऊन जास्त जाळते. चहा किंवा गरम पाणी सांडून भाजलं असेल तर लगेच वीस मिनिटं थंड पाणी, बर्फ नाही. फोड पूर्ण भरून कातडी साधी होईपर्यंत संबंध ठेवायचा नाही, कंडोम लावूनही नाही.

एवढं घरी करा. पण फोड कशानं आला हे ठामपणे सांगता येत नसेल तर आठवडा थांबू नका, दुसऱ्या दिवशीच दाखवा. ताजा फोड बघून डॉक्टरला जे कळतं आणि त्यातल्या पाण्याच्या तपासणीत जे सापडतं, ते खपली धरल्यावर सापडत नाही.

थांबू नये याचं मोठं कारण हर्पिस. यात सहसा सुटा एक फोड नसतो. आधी एक-दोन दिवस मुंग्या येतात, चुरचुरतं. मग लाल जागेवर बारीक पाण्याच्या फुटकुळ्यांचा झुबका उठतो. त्या फुटून उथळ, झोंबणारे व्रण होतात. पहिल्या वेळी ताप, अंगदुखी, जांघेत अवधाण, असं सगळं येऊ शकतं आणि बरं व्हायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. औषध आहे, ॲसायक्लोव्हिर. ते जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तीन दिवसांत सुरू होईल तितका त्रास कमी. त्यानं विषाणू शरीरातून जात नाही; तो मज्जातंतूच्या गाठीत झोपून राहतो आणि कधीमधी उठतो. पुढचे झटके मात्र बहुधा लहान आणि सौम्य असतात, वर्षागणिक कमीही होतात.

हर्पिसबद्दल दोन गोष्टी घराघरांत माहीत व्हायला हव्यात. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे फोड येतात, ते याच कुळातल्या विषाणूचे. तो विषाणू तोंडाच्या संपर्कातून खालीही पोचू शकतो. दुसरी गोष्ट, हा विषाणू वर्षानुवर्षं काहीही लक्षण न दाखवता अंगात राहू शकतो. त्यामुळे आज फोड आला म्हणून परवा कोणी दगा दिला, असा हिशेब मांडता येत नाही. संसार मोडण्याआधी हे ध्यानात घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 15 ते 49 वयोगटातल्या 84 कोटींहून जास्त लोकांना जननेंद्रियाचा हर्पिस आहे, म्हणजे पाचातल्या एकाला. तुम्ही काही जगावेगळं आणलेलं नाही. मात्र बायको गरोदर असेल तर ही गोष्ट तिच्या डॉक्टरपासून लपवू नका. शेवटच्या महिन्यांत तिला नव्यानं लागण झाली तर बाळंतपणात बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूनं येते, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि कधी जांघेपासून खालपर्यंत उतरते. तिच्यावरही लवकर गोळ्या सुरू करायच्या असतात. ती उतरवून घ्यायला कोणाकडे जाण्यात पहिले तीन दिवस घालवू नका.

जुनी माणसं ज्याला गरमी म्हणत, तो उपदंश अजून आहे. त्यात पाण्याचा फोड नसतो, पण लोक त्यालाही फोडच म्हणतात. एकच, कडेनं घट्ट, स्वच्छ दिसणारा व्रण, आणि तो दुखत नाही. न दुखणं हीच त्याची फसवणूक. संबंधानंतर दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत कधीही येतो, तीन ते सहा आठवड्यांत काहीही न करता बरा होतो आणि माणूस सुटलो म्हणतो. आजार मात्र रक्तात राहतो आणि पुढं मेंदू, हृदय, होणारं मूल यांच्यापर्यंत पोचतो. सुरुवातीला पकडला तर पेनिसिलीनच्या एका इंजेक्शनानं बरा होतो. रक्ताची तपासणी अगदी सुरुवातीला चांगली येऊ शकते, म्हणून डॉक्टर पुन्हा बोलावतात तेव्हा पुन्हा जा. एचआयव्हीची तपासणीही त्याच वेळी करून घ्या. उघडा व्रण असताना तो विषाणू शिरायला वाट सोपी होते.

साखरेचं एक सांगायचं राहिलं. पुढच्या कातडीखाली वारंवार लाली, बारीक पुटकुळ्या, दह्यासारखा पांढरा थर, कातडीला चिरा, असं होत असेल तर ती बुरशी असते आणि तिच्यामागं पुष्कळदा मधुमेह. माझ्याकडे ट्यूब मागायला आलेल्या कितीतरी जणांना साखर आहे हे अशाच फोडांमुळं पहिल्यांदा कळलं. आधीच मधुमेह असेल आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल, तर ती साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळंही ही बुरशी वाढू शकते. गोळी मनानं बंद करू नका. चांगली गोळी आहे, डॉक्टरला सांगा.

काही गोष्टी फोड नसतातच. शिश्नमुंडाच्या कडेनं ओळीत असलेले मोत्यासारखे बारीक दाणे किंवा कातडीतले पिवळसर ठिपके नैसर्गिक शरीररचनेचा भाग आहेत. विशीतली पोरं त्यावर आम्ल लावून जाळून घेतात. त्यांना काहीही लावायचं नसतं.

बसस्टँडच्या मुतारीत, रस्त्यालगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' अशा पाट्या रंगवलेल्या असतात. त्या पाट्यावाल्यांच्या तंबूत माणूस जातो, कारण तिथं ओळखीचं कोणी भेटत नाही. लाजेचा हा धंदा जुना आहे. र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि मराठी माणसाला या विषयांवर छापील, सरळ उत्तरं मिळू लागली. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं हा तिथला वादाचा विषय होता. त्याला नव्वद वर्षं झाली आणि माझ्या काउंटरवर अजून "जांघेत" असंच सांगतात.

जायचं कुठं? राहुरीतल्या ग्रामीण रुग्णालयात जा. गावात ओळख निघेल असं वाटत असेल तर नगरचं जिल्हा रुग्णालय आहे, लोणीचं प्रवरा रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची 'सुरक्षा क्लिनिक' चालतात. तिथं अशाच आजारांचा मोफत इलाज होतो. रंगानं ओळखायची औषधांची पाकिटं असतात. हर्पिसचं पाकीट लाल. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि 2017 च्या कायद्यानं, काही अपवाद सोडले तर, तिचा निकाल तुमच्या संमतीशिवाय कोणाला सांगता येत नाही. नुसतं विचारायचं असेल तर 1097 हा मोफत फोन आहे, नाव सांगावं लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवर राहणाऱ्या मजुरांना ना आडोसा असतो ना रोजचं आंघोळीचं पाणी. एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून ते दुखणं अंगावर काढतात. मुकादम आणि बागाईतदारांनी त्यांना हा फोन नंबर सांगितला तरी पुष्कळ होईल.

काही वेळा मात्र रात्र असली तरी निघायचं. पुढची कातडी मागं अडकून सुजली आणि पुढं येईना. लघवी कोंडली. अंडकोशाची कातडी झपाट्यानं लाल-काळी पडतेय, ताप आहे, फार दुखतंय, त्यात मधुमेही असाल तर तासभरही थांबू नका. औषध घेतल्यावर खाली, तोंडात आणि डोळ्यांत असे एकदम फोड किंवा लाली आली, अंगाची कातडी दुखायला लागली, तर ती साधी ॲलर्जी नव्हे. गोळी बंद करून थेट मोठ्या रुग्णालयात.

बायकोपासून लपवून एकट्यानं औषध घेणं हा अर्धा इलाज. आजार संबंधातून येणारा निघाला तर दोघांनी तपासून घ्यायचं असतं, नाहीतर तो एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. सांगणं अवघड वाटलं तर डॉक्टरांना म्हणा, तुम्ही सांगा, ते सांगतात.

आणि दवाखान्यात जाताना गेल्या पंधरा दिवसांत ज्या गोळ्या घेतल्या त्यांची रिकामी पाकिटं शोधून खिशात घाला. बंडीच्या खिशात, ट्रॅक्टरच्या डब्यात, देव्हाऱ्यामागं, जिथं असतील तिथून. गोळीचं नाव आठवत नसेल तर ज्या दुकानातून घेतली तिथं विचारा. माझ्याकडून घेतली असेल तर माझ्याकडे या, मी बघून सांगतो.